सरस्वतीला घराबाहेर कोणी काढलं?

दर दोन-तीन महिन्यांनी तीच रील नव्या गाण्यासह फिरून येते. तळ्याकाठचं लाल देऊळ, हातात वीणेसारखं वाद्य घेतलेली देवी, आणि खाली मजकूर: 'जपानमध्ये आजही सरस्वतीची पूजा होते'. पुढे सरकवलं की गणपती, मग कुबेर, मग महाकाल. कमेंट्समध्ये हात जोडलेल्या इमोजींची रांग. आणि शेवटी हमखास येणारं वाक्य: बघा, जपान एवढा पुढे गेला, पण त्यांनी आपला प्राचीन धर्म शुद्ध ठेवला.

ही दोन वाक्यं एका रीलमध्ये सुखाने नांदतात याचं मला दर वेळी नवल वाटतं. पहिलं अर्धं खरं आहे. दुसरं साफ खोटं. पण खरी गंमत (गंमतच म्हणू, दुसरा शब्द सुचत नाही) त्या दोघांच्या नात्यात आहे. जपानमध्ये एकदा खरोखरच धर्म शुद्ध करायची मोहीम निघाली होती. सरकारी मोहीम, तारीख-वार असलेली. 'हे परके' म्हणून ज्या देवांचं सामान त्या मोहिमेत दाराबाहेर ठेवलं गेलं, त्यांत ही सरस्वती होती. रील बनवणारा ज्या शुद्धतेचं कौतुक करतो, तिनेच रीलमधल्या पहिल्या देवीला घराबाहेर काढलं.

आधी शब्दांचा गोंधळ मिटवू. जपानीत शिंतो देवतांना 'कामी' म्हणतात आणि त्यांच्या जागेला 'जिंजा'. बौद्ध देवळं वेगळी. त्यांच्या नावामागे बहुधा 'जी' लागतं. मी इथे जिंजाला देवस्थान आणि 'जी'वाल्यांना मठ म्हणतो. समोर दोन खांब आणि आडव्या तुळयांची कमान, म्हणजे तोरी, दिसली की देवस्थान समजायचं, असा नियम पर्यटकांना सांगतात. हा नियम पुढे मोडणार आहे.

कामींची नावं आपल्या पिढीला नवी नाहीत. 'नारुतो' पाहिलेल्या कुणालाही अमातेरासु, त्सुकुयोमी, सुसानोओ ही नावं पाठ असतात, फक्त ती डोळ्यांतून सुटणाऱ्या शस्त्रांची आहेत असं वाटत असतं. मूळ गोष्ट जास्त मजेची आहे. इझानामी ही आदिमाता अग्नीला जन्म देताना भाजून मरते. नवरा इझानागी तिला आणायला पाताळात जातो, तिचं कुजलेलं शरीर बघून घाबरून पळून येतो आणि नदीत अंग धुतो. डावा डोळा धुताना सूर्यदेवी अमातेरासु जन्मते, उजवा धुताना चंद्र त्सुकुयोमी, नाक धुताना दंगेखोर सुसानोओ. 712 साली लिहिलेल्या 'कोजिकी' या ग्रंथात हे सगळं येतं, आणि आठ वर्षांनी आलेल्या 'निहोन शोकी'त याच गोष्टीचे आणखी अनेक पाठभेद. कामींची संख्या ऐंशी लाख सांगतात, म्हणजे आपल्या तेहतीस कोटींसारखीच, न मोजता सांगितलेली.

'हाच तो बौद्ध धर्म येण्याआधीचा अस्सल जपान' असं म्हणून कोजिकी दाखवली जाते. सहाव्या शतकात बौद्ध धर्म जपानात पोचला होता. म्हणजे हा अस्सल ग्रंथ त्यानंतर दीडशेहून अधिक वर्षांनी, चिनी लिपीत, बुद्धाला मानणाऱ्या दरबारात लिहिला गेला. आणि लिहून झाल्यावर चाळीस वर्षांच्या आतच कामी बुद्धाच्या भेटीला निघाले. 749 मध्ये क्युशू बेटावरचा हाचिमान हा देव पालखीत बसून नारा या राजधानीत आला, कारण तिथे उभ्या राहत असलेल्या प्रचंड बुद्धमूर्तीला त्याने मदतीचं वचन दिलं होतं. देवाला पालखीत घालून मिरवण्याची जपानी रीत तिथून सुरू झाली असं परंपरा सांगते. 752 मध्ये त्या बुद्धाचे डोळे उघडण्याचा विधी ज्याच्या हातून झाला, तो बोधिसेन नावाचा भिक्षू भारतातून गेलेला होता. पुढे हाचिमानला 'महाबोधिसत्त्व' ही पदवी मिळाली. एक शिंतो देव, त्याला बौद्ध पदवी, आणि हजार वर्षं यात कुणाला काही खटकलं नाही.

खटकायचं कारणच नव्हतं. देवस्थानाच्या आवारात मठ असे, मठाच्या आवारात देवस्थान. भिक्षू कामींपुढे सूत्रं म्हणत. कामी म्हणजे बुद्ध-बोधिसत्त्वांनीच जपानात घेतलेली रूपं, असं एक तत्त्वज्ञानही तयार झालं. सूर्यदेवी अमातेरासु म्हणजे वैरोचन बुद्ध, अशी जोडी त्यात लागते. कुरोदा तोशिओ या इतिहासकाराने 1981 च्या एका गाजलेल्या लेखात तर मांडलं की 'शिंतो' नावाचा स्वतंत्र, सलग, आदिम धर्म इतिहासात शोधायला गेलं तर सापडत नाही. आज आपण ज्याला तो म्हणतो तो आधुनिक काळात घडवलेला आहे. त्याच्या म्हणण्यावर पुढे वाद झाले, काहींना ते टोकाचं वाटतं. पण त्याने घातलेला प्रश्न कुणाला परत डब्यात घालता आलेला नाही.

त्या हजार वर्षांत आपल्या रीलमधली मंडळी काय करत होती?

सरस्वती 'सुवर्णप्रभाससूत्र' या बौद्ध ग्रंथातून, चीनमार्गे गेली आणि बेन्झाइतेन झाली. पाण्याशी तिचं नातं टिकलं, म्हणून ती बेटांवर, तळ्यांकाठी, गुहांमध्ये राहते. हातात बिवा हे वाद्य राहिलं. पण त्याच सूत्रातल्या वर्णनाप्रमाणे तिला आठ हात आणि शस्त्रंही मिळाली. डोक्यावर एक छोटी तोरी आणि त्यात वेटोळं घातलेला, म्हाताऱ्याच्या तोंडाचा साप आला. हा उगाजिन, धान्याचा आणि भरभराटीचा देव. नावातलं बुद्धीचं अक्षर बदलून त्याच उच्चाराचं संपत्तीचं अक्षर लिहायची पद्धत पडली. सरस्वती आणि लक्ष्मी एका घरात नांदत नाहीत असं आपल्याकडे म्हणतात. जपानी लोकांनी त्या दोघींना एकाच बाईत नांदवलं. शिवाय ती मत्सरी आहे, प्रेमात पडलेल्या जोडप्यांनी तिच्या देवस्थानी एकत्र जाऊ नये, असाही समज चिकटला. हिला 'आपली सरस्वती' म्हणून मिरवणं म्हणजे परदेशात पाच पिढ्या राहिलेल्या आजीला 'आमच्या गावची पोरगी' म्हणण्यासारखं आहे. चूक नाही. पण आजीला विचारा.

कोन्पिरा हे तर त्याहून गोड उदाहरण. संस्कृतात कुंभीर म्हणजे मगर. गंगेतली मगर बौद्ध ग्रंथांतून यक्ष-रक्षक झाली, शिकोकू बेटावर हत्तीच्या डोक्याचं नाव असलेल्या डोंगरावर जाऊन बसली आणि खलाशांचा देव झाली. या डोंगराला 785 पायऱ्या चढून जावं लागतं. एदो काळात ज्यांना स्वतः जाणं जमत नसे ते आपला कुत्रा पाठवत. गळ्यात पैशांची पिशवी, वाटेतले प्रवासी त्याला पुढे पोचवत. मगरीच्या दर्शनाला कुत्रा. मला धर्म म्हटल्यावर जे काही आवडतं ते सगळं या एका चित्रात आहे.

आणि गोझु तेन्नो, बैलाच्या डोक्याचा स्वर्गराजा. श्रावस्तीच्या जेतवन विहाराचा हा रक्षक, असं जपानी परंपरा मानत आली. जेतवनाचं जपानी नाव गिओन. क्योतोतला गिओन भाग, तिथल्या गेइशा आणि जुलैमधली ती अवाढव्य रथांची जत्रा, हे सगळं नाव उत्तर प्रदेशातल्या एका उपवनावरून पडलेलं आहे. जत्रेची सुरुवात 869 ची. साथीचा रोग पसरला होता, तेव्हा 66 प्रांतांच्या नावाने 66 भाले उभारून रोगाच्या देवाची समजूत काढली. गोझु तेन्नो हा रोग आणणारा आणि म्हणूनच रोग थांबवू शकणारा देव. मरीआई-शीतळादेवीच्या मुलखात हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

मग 1868 आलं.

शोगुनची सत्ता गेली, सम्राटाच्या नावाने नवं सरकार बसलं. या सरकारला एक गोष्ट हवी होती: सम्राट हा सूर्यदेवीचा थेट वंशज, म्हणून राज्य त्याचं. गोष्ट कोजिकीतच होती. अडचण अशी की सूर्यदेवी हजार वर्षांत वैरोचन बुद्धाशी सोयरीक करून बसली होती. वंशावळ दाखवायची तर तिच्यातली ही भेसळ काढायला हवी. त्या वर्षीच्या तिसऱ्या महिन्यात हुकूम निघू लागले. देवस्थानांत सेवा करणाऱ्या भिक्षूंनी संन्यास सोडून केस वाढवावेत. ज्या देवस्थानांचे देव बौद्ध नावांनी ओळखले जातात त्यांनी आपला इतिहास लिहून कळवावा. बुद्धमूर्ती देव म्हणून पुजत असाल तर बदला. समोर टांगलेल्या घंटा, बौद्ध उपकरणं काढून टाका. त्या हुकुमात उदाहरणादाखल ज्याचं नाव घेतलं तो होता गोझु तेन्नो. महिन्याभरात हाचिमानची महाबोधिसत्त्व ही पदवीही काढून घेतली. हजार वर्षांची पदवी, एका परिपत्रकाने गेली.

हुकूम वेगळं करण्याचा होता, तोडण्याचा नव्हता. हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण 'वेगळं करा' हे वाक्य गावात पोचेपर्यंत काय होतं हे ओळखायला इतिहासकार लागत नाही. चौथ्या महिन्याच्या पहिल्याच दिवशी हिएइ डोंगराच्या पायथ्याच्या हियोशी देवस्थानात हत्यारबंद लोकांची टोळी घुसली. तिचा पुढारी जुगे शिगेकुनी तिथलाच शिंतो पुजारी होता. मूर्ती, पोथ्या, पूजेची भांडी बाहेर काढून जाळली. सरकारला लगेच 'असं करू नका' म्हणून दुसरा हुकूम काढावा लागला, पण आग आता पसरली होती. कामाकुराच्या त्सुरुगाओका हाचिमान देवस्थानात मोठा बौद्ध स्तूप-मनोरा होता. फेलिचे बेआतोने 1860 च्या दशकात काढलेल्या फोटोंत तो दिसतो. 1870 मध्ये तो पाडला. आज तिथे जाऊन लोक 'किती प्राचीन, किती शांत' म्हणून फोटो काढतात. ती शांतता म्हणजे पाडलेल्या इमारतींची रिकामी जागा आहे.

आमच्या धंद्यात याला फोर्स पुश म्हणतात. सर्व्हरवरचा सगळ्यांचा मिळून झालेला इतिहास पुसायचा आणि आपल्या मशीनवरचा त्यावर चढवायचा. दुसऱ्या दिवशी टीममध्ये आलेल्या नव्या पोराला वाटतं, हे पहिल्यापासून असंच होतं.

आता हिशोब बघा. गिओनचं देवस्थान 1868 मध्ये 'यासाका' झालं आणि बैलमुखी राजाच्या जागी सुसानोओ हा अधिकृत देव ठरला. दोघे एकच अशी सांगड आधीही घातली जात होती. फरक एवढाच की आता दुसरं नाव घ्यायची सोय उरली नाही. कोन्पिराचं 'कोतोहिरा' झालं, मगरीच्या जागी कोजिकीतला ओमोनोनुशी आला. कुत्रे पाठवणाऱ्यांना कुणी विचारलं नाही. आणि सरस्वती? बेन्झाइतेनच्या मोठ्या ठाण्यांवर, समुद्रात तोरी उभी असलेल्या इत्सुकुशिमापासून एनोशिमापर्यंत, तिच्या जागी इचिकिशिमाहिमे आणि तिच्या बहिणी आल्या. या अमातेरासु आणि सुसानोओ यांच्या शपथेतून जन्मलेल्या देवी, म्हणजे कागदपत्रं स्वच्छ. बिवा तळ्यातल्या चिकुबु बेटावर तर मठ आणि देवस्थान यांची वाटणी झाली. बेन्झाइतेनचं जुनं सुंदर सभागृह देवस्थानाच्या वाट्याला गेलं, देवी मठाच्या वाट्याला. घर एकाकडे, घरमालकीण दुसरीकडे. तिच्यासाठी नवं सभागृह उभं राहिलं ते 1942 मध्ये.

तेव्हा 'शुद्ध ठेवला' म्हणणाऱ्याला माझा साधा प्रश्न आहे. शुद्ध म्हणजे कशातून कोण वजा? कारण त्या वजाबाकीत पहिली नावं तुमच्या रीलमधलीच आहेत.

यावर मिळणारं नेहमीचं उत्तर म्हणजे इसे. इसेचं महादेवस्थान, अमातेरासुचं घर. दर वीस वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेत अगदी तसंच नवं बांधतात आणि जुनं उतरवतात. 2013 मध्ये बासष्टाव्यांदा झालं, पुढचं 2033 मध्ये. 'बघा, तेराशे वर्षं अखंड.' इसे खरोखरच वेगळं होतं, हे मान्य. तिथे बौद्ध शब्द उच्चारायला मनाई होती. मुंडण केलेल्या भिक्षूला तिथे 'लांबकेशा' म्हणत. (पुणेरी म्हणावा असा विनोद आहे हा.) पण अखंड? पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या यादवीत हे बांधकाम शंभराहून अधिक वर्षं थांबलं होतं. दरबाराकडे पैसे नव्हते. मग गावोगाव फिरून वर्गणी कुणी जमवली? केइकोइन या मठाच्या भिक्षुणींनी. सेइजुन नावाच्या भिक्षुणीने जमवलेल्या पैशांतून 1563 मध्ये बाहेरचं देवस्थान उभं राहिलं, तिच्यामागून आलेल्या शुयोने 1585 साठी कष्ट घेतले. जपानमधल्या सगळ्यात 'शुद्ध' जागेची तुटलेली परंपरा बुद्धाच्या बायकांनी दारोदार हात पसरून जोडून दिली. 'लांबकेशा' म्हणून ज्यांना हिणवायचं त्यांनीच.

दुसरं उत्तर आपल्या वयाच्या लोकांकडून येतं, आणि ते मला जास्त टोचतं, कारण ते चांगल्या मनाने दिलेलं असतं. मियाझाकीचे सिनेमे बघितलेले असतात. नदीचा देव, जंगलाचा देव. मग म्हणतात, राजकारण सोड रे, शिंतो म्हणजे निसर्गधर्म. झाड म्हणजे देव, डोंगर म्हणजे देव. किती सुंदर.

सुंदर आहेच. मोतोओरी नोरिनागा या अठराव्या शतकातल्या पंडिताने कामीची जी व्याख्या केली ती मला कुठल्याही धर्माच्या व्याख्येपेक्षा आवडते: जे जे नेहमीपेक्षा वेगळं, थोर आणि धाक वाटावा असं, ते कामी, मग ते माणूस असो, झाड असो, समुद्र असो, चांगलं असो की वाईट. पण या निसर्गधर्माच्या झाडांवर कुऱ्हाड कुणी चालवली हेही वाचा. 1906 मध्ये त्याच सरकारने नवा फतवा काढला: गावोगावची छोटी देवस्थानं बंद करून एका गावाला एक ठेवा. कारण प्रशासकीय होतं. देवस्थान म्हणजे आता राष्ट्राचं कार्यालय, आणि इतकी कार्यालयं परवडत नाहीत. देशात दोन लाखांच्या आसपास देवस्थानं होती. काही वर्षांत सत्तर हजारांच्या घरात नाहीशी झाली. सगळ्यात जास्त झळ बसलेला प्रांत मिए, म्हणजे खुद्द इसे जिथे आहे तो. तिथली दहातली नऊ गेली. देवस्थान गेलं की त्याची देवराईही गेली. शेकडो वर्षांचे कापूरवृक्ष आणि सेदार लाकूडव्यापाऱ्यांना विकले गेले.

याविरुद्ध जो सर्वांत जोरात ओरडला त्याचं नाव मिनाकाता कुमागुसु. वाकायामाचा, 1867 चा जन्म. लंडनला राहून 'नेचर'मध्ये लिहिलेला, ब्रिटिश म्युझियममध्ये वर्षानुवर्षं वाचत बसलेला, बुरशीसारख्या दिसणाऱ्या स्लाइम मोल्ड या जिवांचा वेडा अभ्यासक. त्याच्या नावातला 'कुसु' म्हणजे कापूरवृक्ष; गावच्या देवस्थानातल्या कापूरवृक्षाच्या कृपेचं म्हणून घरच्यांनी तो नावात घातलेला. अशा माणसाला देवराई तोडणं म्हणजे काय वाटलं असेल! 1910 मध्ये तो एका सभेत घुसला, दंगा केला, आणि 18 दिवस तुरुंगात गेला. तिथेही स्लाइम मोल्ड सापडला म्हणतात. बाहेर येऊन त्याने लांबलचक पत्रं लिहिली; लोककथांचे अभ्यासक यानागिता कुनिओ यांनी त्यांतली दोन 1911 मध्ये छापून वाटली. त्या काळात त्याने 'इकॉलॉजी' हा शब्द वापरून सांगितलं की देवराईतलं एक झाड काढलं की त्यावर जगणारं सगळं जाळं फाटतं, आणि त्या जाळ्यात गावचा माणूसही आहे. देव नेला की लोकांचं एकत्र जमणं जातं, गावाची लाज जाते, पाखरं जातात, मग किडे वाढतात. त्याने धर्म आणि निसर्ग वेगळे मोजलेच नाहीत.

1929 मध्ये तरुण सम्राट हिरोहितो त्याला भेटला, कारण सम्राटालाही समुद्री जिवांचा नाद. भेट झाली ती काशिमा बेटाजवळ, जिथली झाडतोड याच माणसाने थांबवली होती. मिनाकाताने स्लाइम मोल्डचे नमुने सम्राटाला भेट दिले, टॉफीच्या रिकाम्या खोक्यांतून. ज्याच्या नावाने देवराया तोडल्या गेल्या, त्याच्या हातात.

म्हणजे 'शिंतो निसर्गाला जपतो' हे वाक्य कर्ता चुकलेलं वाक्य आहे. गावकऱ्यांनी जपलं, एका भांडकुदळ शास्त्रज्ञाने जपलं. 'शिंतो' या नावाने चाललेल्या कारभाराने करवत पुरवली. तोक्योच्या मधोमध मेइजी देवस्थानाचं जे घनदाट 'आदिम' जंगल दाखवतात ते 1920 च्या सुमाराचं, देशभरातून दान आलेल्या लाखभर झाडांचं, वनशास्त्रज्ञांनी आखून लावलेलं. अप्रतिम काम आहे, मला त्याचा आदरच वाटतो. पण ते जपानी पुराणाचं जंगल नसून जपानी इंजिनिअरिंगचं जंगल आहे. आणि त्याच देवस्थानाच्या बाहेरच्या बागेत गगनचुंबी इमारतींसाठी झाडं काढायची योजना आली, तेव्हा विकासकांच्या यादीत देवस्थान स्वतःही होतं. 2023 मध्ये मरणाच्या दारात असलेल्या संगीतकार साकामोतो र्‍युइचीने ती थांबवा म्हणून राज्यपालांना पत्र लिहिलं होतं.

शुद्ध केलेल्या धर्माचं पुढे काय झालं हे थोडक्यात सांगतो, कारण ते तरी शाळेत शिकवायला हवं. सरकारने जाहीर केलं की देवस्थानं म्हणजे धर्मच नव्हे, ती राष्ट्रीय कर्तव्याची जागा. ही युक्ती भारी होती. धर्म नाही, म्हणजे धर्मस्वातंत्र्याचा प्रश्नच नाही, म्हणजे सगळ्यांनी नमस्कार करायचा. 1925 मध्ये सोलच्या डोंगरावर अमातेरासुचं देवस्थान उभारलं आणि पुढच्या दशकात कोरियन शाळकरी पोरांना रांगेने तिथे नेलं. नकार देणाऱ्या ख्रिस्ती शाळा बंद पडल्या. जू गि-चोल हा पाद्री 1944 मध्ये तुरुंगात मेला. नाक धुताना भाऊ जन्मलेली ती गोष्टीतली सूर्यदेवी, तिला वसाहतीची फौजदार करून टाकलं. 15 डिसेंबर 1945 च्या आदेशाने अमेरिकनांनी सरकार आणि देवस्थानं वेगळी केली, पण तोपर्यंत तीन पिढ्यांना 'शिंतो' म्हणजे हेच माहीत होतं. यासुकुनीला जाऊन राधाबिनोद पाल यांच्या स्मारकापुढे सेल्फी घेणाऱ्या भारतीयांनी एवढं तरी वाचून जावं.

आता 'ते आमचेच देव' या पहिल्या वाक्याकडे. त्यातल्या अर्ध्या खऱ्याबद्दल मला आकस नाही. कुंभीर, महाकाल, सरस्वती ही नावं आपल्याकडून गेली आणि ती ऐकताना मलाही आत कुठेतरी हलतं. राग येतो तो पावती मागण्याच्या सुराचा. महाकालाचा दाइकोकु झाला, तांदळाच्या पोत्यांवर उभा, हसरा, पोट सुटलेला. उज्जैनच्या कुणाही माणसाला तो ओळखू येणार नाही. डाकिनीची दाकिनितेन झाली, कोल्ह्यावर बसली आणि इनारी या धान्याच्या देवाशी एक झाली. आज तोयोकावा इनारीला गेलात तर मोठी तोरी दिसते, कोल्ह्यांच्या शेकडो मूर्ती दिसतात, आणि तो झेन पंथाचा बौद्ध मठ आहे. सुरुवातीला सांगितलेला नियम इथे मोडला. कामाकुराच्या झेनियाराई बेन्झाइतेनला उलट: कागदोपत्री शिंतो देवस्थान, पण नावात बेन्झाइतेन तशीच, उदबत्त्यांचा धूर तसाच, आणि गुहेतल्या झऱ्यात टोपलीत नोटा धुणारे लोक. धुतलेला पैसा वाढतो म्हणतात. दीडशे वर्षांपूर्वीच्या परिपत्रकाची तिथे कुणाला फारशी फिकीर दिसत नाही.

येन स्वस्त झाल्यापासून ओळखीतलं दर तिसरं माणूस जपानला जाऊन येतं आणि इत्सुकुशिमाच्या समुद्रातल्या तोरीचा फोटो टाकतं. तुम्हीही जाल. तिथून बाहेर पडायच्या वाटेजवळच दाइगान-जी नावाचा एक लहानसा मठ आहे. देवस्थानाची डागडुजी करण्याचं काम पूर्वी याच मठाकडे होतं. 1868 नंतर देवस्थानातली बेन्झाइतेन या मठात आणून ठेवली. ती बंद दाराआड असते, दार उघडतात ते वर्षातून एकदा, 17 जूनला. बाकीच्या दिवशी दाराबाहेर उभं राहता येतं. बहुतेक लोक परतीच्या बोटीच्या घाईत तिच्या समोरून निघून जातात.